तळणीच्या तेलाचे डिझेल : बनविणे सोपे, निवळणे अवघड

जालना-अंबडकडून येणारा रस्ता धुळे-सोलापूर महामार्गाला जेथे मिळतो तेथे वडीगोद्री वसले आहे. उत्तरेला पाचोड, दक्षिणेला गोदाकाठचे शहागड आणि पुढे गेवराई, बीड. अशा फाट्यावरच्या गावात खाण्याचा धंदा कधी बंद पडत नाही. ट्रक थांबतो, एस.टी. थांबते, गाळप हंगामात उसाची वाहने थांबतात आणि कढई चुलीवरून उतरत नाही. भजी, वडे, समोसे, चिकन फ्राय. रमजानच्या महिन्यात तर असरच्या नमाजनंतर इफ्तारपर्यंत कढईला उसंत नसते.

दिवसाअखेर कढईत जे काळसर, दाट, उग्र वासाचे तेल उरते, त्याचे पुढे काय होते? कोणी त्यातच दुसऱ्या दिवशी नवे तेल ओततो. कोणी ते पडत्या भावाने लहान गाडीवाल्याला विकतो. कोणी गटारीत सोडून मोकळा होतो. अलीकडे चौथा एक मार्ग निघाला आहे. या तेलापासून बायोडिझेल म्हणजे जैविक डिझेल तयार होते, त्याची यंत्रे विकणारे फिरतात, आणि ‘घरच्या घरी इंधन बनवा, महिन्याला लाख कमवा’ अशी जाहिरात वाचून आपले तरुणही विचारू लागतात : यात खरेच काही आहे काय?

उत्तर ‘हो’ असेच आहे, पण जाहिरातवाले जेथे बोट दाखवितात तेथे ते नाही. बायोडिझेल बनविण्याची क्रिया तासा-दोन तासांची आहे. त्यातून नको ते वेगळे काढणे, म्हणजे एका द्रवातून दुसरा द्रव निवळून घेणे, हे खरे काम आहे. नफा तेथेच, नुकसानही तेथेच. हा एक मुद्दा नीट समजला तर भांडवल कशात घालावे आणि कशात घालू नये, हे ज्याचे त्याला ठरविता येईल.

पोटात की इंजिनात?

तेल पुन्हापुन्हा तापविले की ते बिघडते. हवा, पाणी आणि उष्णता यांच्यामुळे त्यात नवे घटक तयार होतात. त्यांना शास्त्रज्ञ ‘ध्रुवीय घटक’ म्हणतात. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने १ जुलै २०१८ पासून असा नियम लागू केला, की तळणीच्या तेलात या घटकांचे एकूण प्रमाण २५ टक्क्यांपेक्षा अधिक झाले तर ते खाण्यासाठी वापरता येणार नाही. ज्यांच्याकडे तळणीसाठी दिवसाला ५० लिटरपेक्षा जास्त तेल लागते, त्यांनी वापराची नोंदवही ठेवावी आणि उरलेले तेल प्राधिकरणाकडे नोंद असलेल्या संकलकालाच द्यावे, असेही पुढे ठरले.

१० ऑगस्ट २०१८ रोजी, जागतिक जैवइंधन दिनी, याच प्राधिकरणाने वापरलेले तेल गोळा करून त्याचे बायोडिझेल करण्याची मोहीम सुरू केली. वर्षभराने, १० ऑगस्ट २०१९ रोजी, तिन्ही सरकारी तेल कंपन्यांनी देशातील १०० शहरांसाठी अशा बायोडिझेलच्या खरेदीचे प्रस्ताव मागविले. पहिल्या वर्षासाठी लिटरला ५१ रुपये असा दर जाहीर झाला होता. २०१८ च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणाने २०३० पर्यंत डिझेलमध्ये ५ टक्के बायोडिझेल मिसळण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे.

म्हणजे गिऱ्हाईक आहे, कायदाही बाजूने आहे. आणि दुसरी बाजू त्याहून महत्त्वाची. हॉटेलातून उतरलेले तेल जर इंधनाकडे गेले नाही, तर ते स्वस्तात विकले जाऊन गरिबाच्याच ताटात परत येते. मजुराच्या दहा रुपयांच्या भज्यांत तेच तेल असते. तेव्हा हा प्रश्न नुसता कमाईचा नाही.

कृती काय आहे?

वनस्पती तेलावर इंजिन चालू शकते, हे फार जुने आहे. १९०० सालच्या पॅरिस प्रदर्शनात एक डिझेल इंजिन भुईमुगाच्या तेलावर चालवून दाखविले होते. पण कच्चे तेल दाट असते. आजच्या इंजिनाचे नोझल त्याने चोंदते. म्हणून त्याचा दाटपणा मोडावा लागतो. त्यासाठी दोन पदार्थ लागतात : एक मिथेनॉल, म्हणजे एक प्रकारचा अल्कोहोल, आणि दुसरा कॉस्टिक सोडा किंवा कॉस्टिक पोटॅश, म्हणजे अल्कली. जाता जाता सांगण्यासारखे, की अल्कली आणि अल्कोहोल हे दोन्ही शब्द युरोपने अरबीतून घेतले. ‘अल-कली’ म्हणजे क्षारयुक्त झुडपे जाळून केलेली राख. तिच्यापासून साबण होई.

१०० लिटर स्वच्छ तेलाला सुमारे २० ते २५ लिटर मिथेनॉल आणि साधारण एक किलोच्या आत-बाहेर अल्कली लागते. साठ अंशांच्या आसपास उष्णता ठेवून तास-दीड तास ढवळले की तेलाचे रेणू तुटतात. त्यातून दोन पदार्थ निघतात : बायोडिझेल आणि ग्लिसरीन. १०० किलो तेलामागे ग्लिसरीन सुमारे १० किलो पडते. टाकलेल्या मिथेनॉलपैकी साधारण निम्मेच खर्ची पडते. बाकीचे दोन्ही पदार्थांत विरघळून राहते, आणि पुढची बरीच डोकेदुखी तेथून सुरू होते.

देग, भपका आणि दोन थर

ढवळणे थांबविले की मिश्रण आपोआप दोन थरांत विभागते. ग्लिसरीन पाण्याहून जड, बायोडिझेल पाण्याहून हलके. एका लिटरचे वजन सुमारे ८८० ग्रॅम. काळपट ग्लिसरीन खाली बसते, पिवळे बायोडिझेल वर राहते. अर्ध्या तासात थर दिसू लागतात. पण चांगले निवळण्यासाठी रात्रभर थांबावे लागते.

आपल्या लोकांना हे तत्त्व नवे नाही. अत्तराचा व्यापार करणाऱ्यांना कन्नौजची देग-भपका पद्धत ठाऊक असेल. देगमध्ये फुले आणि पाणी उकळते, वाफ भपक्यात थंड होते. भपक्यात आधीपासून चंदनाचे तेल असते. मिश्रण निवळले की कारागीर भपक्याच्या तळाचे छिद्र उघडून पाणी काढून घेतो. सुगंध पिऊन घेतलेले तेल आत राहते. काढलेले पाणी तो फेकत नाही, पुन्हा देगमध्ये घालतो. दोन न मिसळणारे द्रव, जड खाली, हलके वर, आणि तळाशी एक तोटी : बायोडिझेलच्या कारखान्यातील निवळणीची टाकी म्हणजे हाच भपका, मोठ्या आकाराचा.

म्हणूनच या टाकीचा तळ सपाट नसतो, शंकूसारखा उतरता असतो. सपाट तळाच्या टाकीत ग्लिसरीन सगळीकडे पसरून राहते आणि तोटी उघडली की त्याच्याबरोबर बायोडिझेलही निघून जाते. शंकूत ते टोकाशी गोळा होते, आणि तेथे काचेची नळी बसविली तर थर कोठे बदलला ते डोळ्यांनी दिसते. पत्र्याचे काम करणाऱ्या कारागिराने ही गोष्ट लक्षात ठेवावी. पुढे उपयोगी पडेल.

थेंबाच्या आकाराचाही नियम आहे. थेंब निम्म्या आकाराचा झाला तर तो दुप्पट नव्हे, चौपट वेळ घेऊन खाली बसतो. दहावा हिस्सा झाला तर शंभरपट. म्हणून जोरजोरात घुसळलेले मिश्रण दिवसेंदिवस निवळत नाही. घाईने वेळ वाचत नाही, वाढतो.

वरचा थर स्वच्छ दिसतो, पण असतो काय?

ग्लिसरीन काढून टाकल्यावर वर जे सोनेरी द्रव दिसते, तेच बायोडिझेल समजून टाकीत ओतणारे कमी नाहीत. यंत्र विकणाराही येथेच थांबतो. प्रत्यक्षात त्यात अजून पाच गोष्टी लपलेल्या असतात, आणि प्रत्येकीचा फटका वेगळा असतो. फ्युएल पंप आणि नोझल दुरुस्त करणाऱ्या आपल्या मिस्त्रींनी त्या ओळखून ठेवाव्यात.

पहिले, उरलेले ग्लिसरीन. ते टाकीच्या तळाशी साचते, फिल्टर चोंदवते, आणि जळताना नोझलच्या तोंडावर काजळीचा थर धरते. दुसरे, साबण. तळणीच्या तेलातील आंबटपणा आणि अल्कली यांचा साबण होतो; तो जळाल्यावर राख उरते आणि ती पंपाला व इंजिनाला घासते. तिसरे, मिथेनॉल. त्याने इंधन सहज पेट घेऊ लागते; साठवण धोक्याची होते. चौथे, पाणी. पाण्याने गंज चढतो, आणि इंधन व पाणी यांच्या सीमेवर सूक्ष्म जीव वाढून चिकट गाळ तयार होतो. पाचवे, न बदललेले तेल. क्रिया अर्धवट राहिली तर दाटपणा राहतो आणि इंजिन काळा धूर टाकू लागते.

भारतीय मानक आयएस १५६०७ हे बायोडिझेलसाठी आहे. २०१६ च्या आवृत्तीनुसार मोकळे ग्लिसरीन ०.०२ टक्के, एकूण ग्लिसरीन ०.२५ टक्के, मिथेनॉल ०.२ टक्के आणि पाणी दहा लाखांत ५०० भाग यांहून अधिक चालत नाही. शुद्ध एस्टर, म्हणजे खरे बायोडिझेल, किमान ९६.५ टक्के हवे. १० हजार किलोत दोन किलो ग्लिसरीन, एवढीच सूट! नुसते निवळून हे प्रमाण गाठता येत नाही. म्हणून धुणे आले.

धुण्यातील हुनर

बायोडिझेल पाण्याने धुवायचे, हे ऐकून नवखा माणूस चकित होतो. पण यामागचा विचार सरळ आहे. ग्लिसरीन, साबण आणि मिथेनॉल यांना तेलापेक्षा पाणी अधिक प्रिय. कोमट पाणी, साधारण ५० ते ६० अंशांचे, वरून फवाऱ्यासारखे हळूच सोडले तर ते बायोडिझेलमधून खाली उतरताना या तिघांना बरोबर घेऊन जाते. खालचे पाणी काढा, पुन्हा धुवा. पहिले पाणी दुधासारखे निघते, दुसरे गढूळ, तिसरे-चौथे स्वच्छ. पाणी स्वच्छ निघाले आणि त्यातील अल्कली संपली की धुणे झाले. मग बायोडिझेल तापवून किंवा निर्वातात ठेवून त्यातील उरलेले पाणी उडवायचे.

कागदावर इतके सोपे. प्रत्यक्षात पहिल्याच धुण्याला नवख्या माणसाची फजिती होते. साबण जास्त असेल आणि पाणी जोरात सोडले, तर तेल, पाणी व साबण यांचे ताकासारखे पांढरे, घट्ट मिश्रण होते. ना तेल वर येत, ना पाणी खाली जात. सारा घाणा अडकतो. मिथेनॉलचा खर्च, तेलाचा खर्च, मजुरी सगळे त्या एका टाकीत.

असे झाले तर उपाय आहेत. मिश्रण हळूहळू तापवावे. मिठाचे पाणी घालावे. साबण करणारे कारागीर मीठ घालून साबण वेगळा ‘तोडतात’, तेच तत्त्व येथे लागू पडते. किंवा सौम्य आम्लाचे पाणी, जसे सायट्रिक किंवा फॉस्फरिक, थोडे वापरावे. त्याने साबण फुटून त्याचे पुन्हा आंबट तेल होते आणि पाणी सुटते. पण हे आंबट तेल बायोडिझेलमध्येच राहते, तेव्हा हा इलाज म्हणजे फुकटची सुटका नव्हे. खरा इलाज आधीचा आहे : तेलात आंबटपणा आणि पाणी मुळातच कमी असेल तर साबण कमी होईल. आंबटपणा दोन-तीन टक्क्यांपलीकडे गेलेल्या तेलावर सरळ अल्कली टाकणे म्हणजे इंधनाऐवजी साबण करणे होय. असे तेल आधी आम्लाच्या साहाय्याने सुधारावे लागते, आणि ते काम जाणकाराचेच आहे.

घरगुती पारख एकच सांगतो. काचेच्या बाटलीत अर्धे बायोडिझेल, अर्धे पाणी घ्या. दहा सेकंद जोराने हलवा आणि ठेवून द्या. अर्ध्या तासात दोन स्वच्छ थर झाले आणि खालचे पाणी निर्मळ राहिले, तर माल बरा. मधे पांढरी साय टिकून राहिली तर साबण शिल्लक आहे किंवा क्रिया अर्धवट आहे. ही परीक्षा प्रयोगशाळेची जागा घेत नाही. पण कोणी तुम्हाला ‘एक नंबर माल’ म्हणून विकू पाहत असेल, तर त्याच्यासमोर एक बाटली हलवायला काय हरकत आहे?

मोठे कारखाने काय करतात?

धुण्यात पाणी बरेच लागते आणि वापरलेले पाणी साबण, ग्लिसरीन व मिथेनॉलने भरलेले असते. ते नाल्यात किंवा शेतात सोडता येत नाही. मराठवाड्यात तर पाणी आधीच मोलाचे. म्हणून मोठ्या कारखान्यांनी दुसरे मार्ग काढले.

एक मार्ग फिरत्या यंत्राचा. दुधातून साय काढणारे यंत्र डेअरीत सर्वांनी पाहिले आहे. स्वीडनच्या गुस्ताफ दे लावाल यांनी १८७८ साली ते तयार केले. वेगाने फिरविले की जड दूध कडेला जाते, हलकी साय मधे राहते. याच जातीचे यंत्र बायोडिझेल आणि ग्लिसरीन वेगळे करते. रात्रभराचे काम मिनिटांत होते, पण किंमत लहान धंद्याच्या आवाक्याबाहेरची.

दुसरा मार्ग कोरड्या धुण्याचा. विशिष्ट प्रकारच्या रेझिनच्या मण्यांतून बायोडिझेल सोडतात, किंवा मॅग्नेशियम सिलिकेटची भुकटी त्यात ढवळून गाळतात; साबण आणि ग्लिसरीन त्यांना चिकटून राहते. पाणी लागत नाही. पण मणी आणि भुकटी काही काळाने बदलावी लागते, तो खर्च आलाच.

तिसरा मार्ग अजून संशोधनात आहे आणि मोठा गमतीचा आहे. २००७ साली इंग्लंडमधील लेस्टर विद्यापीठात संशोधकांनी दाखविले, की कोलीन क्लोराइड आणि ग्लिसरीन यांचे ठरावीक मिश्रण बायोडिझेलमधील उरलेले ग्लिसरीन ओढून घेते. हे मिश्रण बायोडिझेलमध्ये मिसळत नाही, खाली बसते आणि जाताना ग्लिसरीन घेऊन जाते. कोलीन क्लोराइड म्हणजे तेच, जे पोल्ट्रीवाले कोंबड्यांच्या खाद्यात पूरक म्हणून घालतात. काट्याने काटा काढावा तसे ग्लिसरीनने ग्लिसरीन काढण्याचा हा प्रकार.

येथे इथेनॉलचा फरकही सांगितला पाहिजे, कारण अंबड तालुका उसाचा आहे आणि लोक दोन्ही इंधनांची गल्लत करतात. इथेनॉल पाण्यात पूर्ण विरघळते. ते कितीही दिवस ठेवले तरी थर पडत नाहीत. त्यामुळे ते उकळून, वाफ करूनच वेगळे करावे लागते, आणि तेही वजनाने सुमारे ९५.६ टक्क्यांवर येऊन अडते. राहिलेले पाणी काढण्यासाठी खास खनिजाच्या चाळण्या लागतात. गॅरेजवाल्यांनी यातली उलटी बाजू ध्यानात ठेवावी : इथेनॉलमिश्रित पेट्रोलच्या टाकीत मर्यादेपेक्षा जास्त पाणी गेले, तर पाणी इथेनॉलला आपल्याकडे ओढते आणि दोघे मिळून तळाशी वेगळा थर करतात. पावसाळ्यात गाडी अचानक बंद पडली तर टाकीच्या तळाचे पेट्रोल बाटलीत काढून पाहावे.

धोका कोठे आहे?

आता त्या ‘घरच्या घरी’वाल्या जाहिरातीकडे वळू. मिथेनॉल हे विष आहे. ते पोटात गेले, श्वासातून गेले, कातडीतून गेले, तरी बाधते. आंधळेपणा येतो, जीव जातो. जून २०१५ मध्ये मुंबईच्या मालवणी भागात विषारी दारूने शंभराहून अधिक लोक दगावले. त्या दारूत मिथेनॉलच होते. त्याची वाफ ११-१२ अंशांवरही ठिणगीने पेटते, आणि उन्हात त्याची ज्योत डोळ्यांना नीट दिसतही नाही. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात पत्र्याच्या शेडमध्ये, शेजारी वेल्डिंग चालू असताना मिथेनॉलचे पिंप ठेवणे म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको. महाराष्ट्रात त्याच्या साठ्याला व वापराला विषनियमांखालील परवाना लागतो.

विक्रीचेही तसेच. ३० एप्रिल २०१९ च्या केंद्रीय नियमावलीनुसार वाहनांसाठी बायोडिझेलची विक्री ही डिझेलमध्ये मिसळण्यासाठी, आणि रीतसर परवानगीनेच करता येते. त्यानंतरच्या काही वर्षांत महाराष्ट्र आणि गुजरातेत महामार्गांवरील अनेक पंपांवर छापे पडले. बायोडिझेलच्या नावाखाली भलतेच औद्योगिक तेल विकले जात असल्याचे आढळले. ट्रकवाल्याने लिटरमागे चार पैसे वाचविले आणि पंप-नोझलच्या कामाला त्याच्या कितीतरी पट घातले, हे या धंद्यातील मिस्त्रींना सांगायची गरज नाही. अशा व्यवहारात आपले नाव अडकू देऊ नये. बाजारात इज्जत कमवायला वीस वर्षे लागतात, गमवायला एक टाकी पुरते.

मग वडीगोद्रीसारख्या गावाने काय करावे?

द्रव वेगळे करण्याच्या या साखळीत अनेक कड्या आहेत. मिथेनॉलची कडी परवाना आणि प्रयोगशाळा असलेल्या कारखान्याची. पण पहिली कडी, म्हणजे वापरलेल्या तेलातून पाणी, कण आणि साका वेगळा करणे, ही फाट्यावरच्या गावातच उत्तम होऊ शकते. त्यात विष नाही, स्फोट नाही, आणि भांडवलही थोडे.

कारखान्याला कसे तेल हवे असते? कोरडे, गाळलेले, कमी आंबट. पाणी असलेले तेल साठवणीत रोज अधिक आंबते; पाणीच तेलाचे तुकडे पाडते. म्हणून तेल आणले की लगेच हे करावे : बारीक जाळीतून गाळावे, शंकूच्या तळाच्या टाकीत ५०-६० अंशांपर्यंत कोमट करून दिवसभर निवळू द्यावे, तळाचे पाणी व साका काढावा, आणि स्वच्छ, झाकणबंद पिंपात भरावे. इंजिन ऑइलचे जुने पिंप चुकूनही वापरू नये. खनिज तेलाचा अंश मिसळला तर माल परत येतो. तळणीच्या प्रकारानुसार तेल वेगळे ठेवता आले तर आणखी चांगले. मांस-मासळीच्या तळणीत चरबी उतरते, पामतेल लवकर गोठते. त्यांचे बायोडिझेल थंडीत दाटते. पामतेलापासून केलेले बायोडिझेल १३ ते १६ अंशांच्या आसपासच गढूळ होऊ लागते, आणि आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीची पहाट त्याखाली जाते.

हिशेब कसा मांडावा, याचा एक नमुना देतो. आकडे प्रत्येकाने आपल्या गावचे घालावेत. समजा महामार्गावरची वीस ठिकाणे धरली आणि प्रत्येकाकडे दिवसाला तीन लिटर तेल उरते. दिवसाचे ६० लिटर, महिन्याचे १,८००. त्यातून पाणी व साका समजा आठ टक्के गेला, तर विकण्याजोगे १,६५६ लिटर. आता खरेदीचा दर, गाडीचे डिझेल, जळण, पिंपांची झीज आणि एका माणसाची मजुरी यांची वजाबाकी करा. उरले तर धंदा आहे. नाही उरले तर पाचोड, शहागड, अंबड येथील हॉटेले जोडून फेरी मोठी करा, किंवा हात घालू नका. त्या आठ टक्क्यांचे महत्त्व पाहा : हॉटेलवाल्याकडून वजनावर तेल घेताना पाण्याचेही पैसे आपण मोजतो. तेव्हा तेथेच काचेच्या नळीत नमुना घेऊन पाहावा, म्हणजे पुढची भांडणे टळतात.

नोंदणीशिवाय मात्र सुरुवात करू नये. संकलक म्हणून अन्न सुरक्षा प्राधिकरणाकडे रीतसर नाव लावणे, प्रत्येक हॉटेलचे किती तेल केव्हा उचलले याची वही ठेवणे, आणि माल घेणाऱ्या कारखान्याशी लेखी करार करणे, या तीन गोष्टी आधी. वहीचा उपयोग दुहेरी आहे. हॉटेलवाल्याला तपासणीच्या वेळी ती दाखविता येते, आणि आपण उचललेले तेल पुन्हा कोणाच्या कढईत गेले नाही, याचा पुरावा आपल्या हाती राहतो. जास्त भाव देतो म्हणून खाण्याच्या बाजारात तेल परत विकण्याचा मोह होईल. तो एकदा झाला की धंद्याचा पायाच गेला.

इतर कारागिरांनाही येथे काम आहे. जालना हे पोलादाचे गाव. शंकूच्या तळाच्या टाक्या, गाळण्या, झाकणबंद पिंपे ही कामे आपले फॅब्रिकेशनवाले सहज करू शकतात. तांबे-पितळेची जोडणी मात्र टाळावी. बायोडिझेल त्यांच्या संगतीत लवकर बिघडते. साधे रबरही त्याने फुगते व चिरते. डिझेल पंपाच्या मिस्त्रींनी बायोडिझेल वापरणाऱ्या गाड्यांचे पाइप आणि सील त्यानुसार बदलावेत आणि गिऱ्हाइकाला आधीच सांगावे, की सुरुवातीला जुन्या टाकीतील मळ सुटून येईल आणि फिल्टर एक-दोनदा लवकर बदलावा लागेल.

जत्रोफाची, म्हणजे मोगली एरंडाची हवा २००३ नंतर देशभर कशी उठली होती, ते अनेकांना आठवत असेल. माळरानावर सोने पिकणार होते. झाडे लागली, पण अपेक्षेएवढे बी आले नाही, आणि रोपे विकणाऱ्यांखेरीज फारसे कोणी कमावले नाही. वापरलेल्या तेलाचे तसे नाही. येथे कच्चा माल रोज कढईत तयार होतो आहे. प्रश्न फक्त तो नीट गोळा करण्याचा आणि नीट निवळण्याचा.

म्हणून ज्या तरुणांना या धंद्यात यायचे आहे, त्यांनी यंत्राच्या कंपनीला बयाणा देण्याआधी एक आठवडा एवढेच करावे. आपल्या फाट्यावरच्या पाच हॉटेलांतून रोज एक-एक बाटली तेल आणावे, कोमट करून ठेवावे, आणि सकाळी तळाशी किती पाणी, किती साका बसला ते वहीत लिहावे. आठ दिवसांनी त्या वहीतून जे कळेल, ते कोणत्याही जाहिरातीतून कळणार नाही.